फाउलरसाहेब आणि आमचे साहेब

इंग्रजी भाषेने माझे आजवर जे नुकसान केले आहे, त्याची नोंद कुठल्याच खतावणीत सापडायची नाही. बी.कॉम.ला मी इंग्रजीत पास झालो तो पत्रव्यवहाराच्या पेपराच्या जोरावर. त्या पेपराला भाषा फारशी लागत नसे. 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' हे तोंड पुढे आणि 'अवेटिंग युवर अर्ली रिप्लाय' हे शेपूट मागे लावले, की मधला प्राणी कुठलाही चाले. या भांडवलावर मी बँकेत चिकटलो आणि वीस वर्षे सुखाने काढली. मग शाखेत नवे साहेब आले.

झाले असे, की एका शुक्रवारी दुपारी दोननंतर शाखा बंद ठेवायची होती. कारण झुरळे. औषध मारायला माणसे येणार होती. नोटीस लिहायचे काम माझ्याकडे आले. मी लिहिले, 'द ब्रँच विल शट ॲट टू ऑन फ्रायडे.' साहेबांनी कागद हातात घेतला आणि लाल पेनाचे टोपण काढले. साहेब टोपण काढतात तेव्हा सगळी शाखा माना खाली घालून काम करते.

"शट?" साहेब म्हणाले. "अहो, शट दुकान होतं. बँक क्लोज होते."

"हो साहेब."

"आणि ॲट टू काय? आपण काय चहाला बोलावतोय लोकांना?"

शेवटी जी नोटीस लागली, तीत शाखा नव्हती, 'प्रिमायसेस' होत्या. त्या बंद होणार नव्हत्या, 'शॅल रिमेन क्लोज्ड फॉर पब्लिक डीलिंग्ज' असे होते, आणि तेही 'कमेन्सिंग फ्रॉम १४०० अवर्स'. खाली मराठी नोटीस होती, ती इंग्रजीवरूनच केलेली असल्यामुळे तिच्यात 'जनव्यवहार स्थगित' झाले होते. शुक्रवारी तीन वाजता बंद दारासमोर अकरा पेन्शनर उभे. त्यांतले एक निवृत्त गणितशिक्षक. त्यांनी दारातल्या दारात हिशेब करून सांगितले, की १४०० तास म्हणजे अठ्ठावन्न दिवस आणि वर आठ तास. तेवढे दिवस पेन्शन कुणाकडून घ्यायची, एवढेच त्यांना विचारायचे होते.

त्याच आठवड्यात फाउंटनच्या फुटपाथवर मला फाउलरसाहेब भेटले. म्हणजे त्यांचे पुस्तक भेटले. 'अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज', पहिली आवृत्ती १९२६ची. माझ्या हाती आलेली प्रत पुष्कळ नंतरची, पुठ्ठा सुटलेली, आणि 'शॅल' आणि 'विल' हे प्रकरण ज्या पानांवर आहे तिथे कुणीतरी चहा सांडलेली. डोंबिवली ते सीएसएमटी या प्रवासात मी ते वाचून काढले. शब्दकोश कुणी वाचून काढतो का, असे आमच्या डब्यातल्या मंडळींनी विचारले. हा शब्दकोश नव्हेच, हे त्यांना सांगून पटले नाही. हे एका तऱ्हेवाईक, तापट आणि अतिशय प्रामाणिक माणसाचे बोलणे आहे. ते फक्त अकारविल्हे लावलेले आहे, इतकेच.

माणूसही तसाच. शाळामास्तर. मुलांना धर्मदीक्षेसाठी तयार करण्याचे काम मनाला पटेना म्हणून त्याने नोकरी सोडली. ग्वेर्नसी बेटावर धाकट्या भावाशेजारी जाऊन राहिला. दोघांनी मिळून १९०६मध्ये 'द किंग्ज इंग्लिश' लिहिले, १९११मध्ये 'कन्साइज ऑक्सफर्ड' हा कोश केला. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर, १९१५मध्ये, सत्तावन्न वर्षांच्या या गृहस्थाने आपले वय चव्वेचाळीस सांगून सैन्यात नाव घातले. नोकरीत वय कमी लावलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. पण ती निवृत्ती लांबवण्यासाठी. लढाईवर जाण्यासाठी तेरा वर्षे खाणारा हा एकच. १९१८मध्ये भाऊ क्षयाने गेला. राहिलेले पुस्तक थोरल्याने एकट्याने पुरे केले आणि भावाला अर्पण केले.

या पुस्तकात 'जेण्टीलिझम' नावाची एक नोंद आहे. तिला मराठीत काय म्हणावे? 'सोवळे नेसलेले शब्द' म्हणा हवे तर. रोजचा, घरातला शब्द उच्चारायला लाज वाटते म्हणून माणसे त्याच्या जागी दुसरा, जरा इस्त्रीचा शब्द काढतात, त्याची ही यादी. बीअरला 'एल' म्हणायचे, रुमालाला 'नॅपकिन'ऐवजी 'सर्व्हिएट', दातांच्या पावडरीला 'डेण्टिफ्रिस'. घाम 'स्वेट' म्हणून येत नाही, 'पर्स्पायर' होतो. पोटभाडेकरू ठेवायचा नाही, 'पेइंग गेस्ट' ठेवायचा. (अर्ध्या मुंबईचे घरभाडे या एका शब्दावर चालते, हे फाउलरसाहेबांना कुठून ठाऊक असणार!) आणि याच यादीत, डोंबिवली स्टेशन यायच्या सुमारास, मला 'क्लोज' हा शब्द सापडला. त्याच्यापुढे लिहिले होते, 'शट' म्हणा.

मी उभ्या उभ्या हसलो. शेजारच्याने पाय आखडून घेतला.

फाउलरबंधूंचे म्हणणे थोडक्यात असे: दोन शब्द एकाच अर्थाचे समोर आले, तर ओळखीचा घ्या, आखूड घ्या, आणि लॅटिन-फ्रेंचपेक्षा अस्सल इंग्रजी वळणाचा घ्या. हे दोन-दोन शब्द आले कुठून, तर १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले तेव्हापासून. राज्य करणाऱ्यांची भाषा फ्रेंच, राबणाऱ्यांची इंग्रजी. गोठ्यात असताना गाय 'काऊ', आणि धन्याच्या ताटात गेली की 'बीफ'. 'बिगिन' घरातला, 'कमेन्स' दरबारातला. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. आपल्याकडेही 'अर्ज' फारसी, 'विनंती' संस्कृत, आणि 'मागणं' घरचे. आणि तिन्हींचा निकाल एकच लागतो.

फाउलरसाहेबांच्या पाठोपाठ मी अर्नेस्ट गावर्स यांना घरी आणले. हे तर आपल्याच बिरादरीतले, म्हणजे सरकारी नोकर. सरकारी कागद लोकांना कळत नाहीत म्हणून ब्रिटिश अर्थखात्याने त्यांना कारकुनांसाठी पुस्तक लिहायला सांगितले, ते 'प्लेन वर्ड्स', १९४८. पुढे १९५४मध्ये 'द कम्प्लीट प्लेन वर्ड्स' आले. ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी फाउलरच्या पुस्तकाची दुरुस्त आवृत्ती केली, ती १९६५ची. गावर्स यांना फाउलरचा विनोद नाही आणि फाउलरचा तऱ्हेवाईकपणाही नाही. पण कागद ज्याच्या हाती पडणार त्याचा विचार आधी करावा, ही गोष्ट त्यांच्याइतक्या सभ्यपणे दुसऱ्या कुणी सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही. आमच्या अकरा पेन्शनरांच्या वतीने मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

इथपर्यंत मी या मंडळींचा भक्तच होतो. सौ.ला 'जेवण कमेन्स करू या का?' असे विचारून फाउलरच्या बाजूने मी घरात प्रचारही केला. ती म्हणाली, "आधी पाणी घ्या." ही बाई फाउलर न वाचताच फाउलरपंथी आहे.

शंका यायला लागली ती नॅन्सी मिटफर्डबाईंपासून. या लॉर्डाच्या कन्या, कादंबरीकार. १९५४मध्ये ॲलन रॉस नावाच्या एका प्राध्यापकाने हेलसिंकीच्या एका भाषाशास्त्राच्या मासिकात निबंध लिहिला, की इंग्लंडात वरच्या वर्गातला माणूस आता ओळखायचा तर फक्त बोलण्यावरून. वरच्यांच्या शब्दांना त्याने 'यू' म्हटले, बाकीच्यांच्या शब्दांना 'नॉन-यू'. मिटफर्डबाईंनी १९५५मध्ये 'एन्काउण्टर' मासिकात तेच घेऊन लेख लिहिला आणि सगळ्या इंग्लंडात घबराट उडाली. मध्यमवर्गीय माणसे आरशासमोर उभी राहून, याला आता 'मिरर' म्हणावे की 'लुकिंग-ग्लास', या विचारात पडली.

मौज अशी, की आपली समजूत असते, वरचे लोक भारी शब्द वापरत असतील आणि खालचे साधे. यादी पाहिली तर उलटे! लॉर्डाचे दात 'फॉल्स टीथ', मध्यमवर्गीयाचे 'डेन्चर्स'. लॉर्ड 'रिच' असतो, बाकीचे 'वेल्दी' होतात. लॉर्डाला ऐकू आले नाही तर तो 'व्हॉट?' म्हणून खेकसतो. मध्यमवर्गीय बिचारा 'पार्डन' मागतो. आणि लॉर्ड मरतो तेव्हा सरळ 'डाय' होतो. 'पास ऑन' होणारे ते सगळे आपल्यासारखे.

हे वाचून मी पुस्तक मिटले. ठाण्याच्या खाडीकडे पाहत बसलो. मला वाटले, साधा शब्द साधा आहे म्हणून तो सगळ्यांनाच परवडतो, असे थोडेच आहे? ज्याच्या वाड्यात तीनशे वर्षे तीच खुर्ची आहे, त्याने 'व्हॉट?' म्हटले तर तो रुबाब. मी साहेबांना 'व्हॉट?' म्हटले तर मेमो. भारी शब्द हा गरजूचा कोट आहे. तो ढगळ असेल, भाड्याचाही असेल, पण मुलाखतीला जाताना तो काढून ठेवा म्हणणे हे ज्याला मुलाखतच द्यायची नाही त्याने सांगावे. फाउलरसाहेब या कोटाला हसतात. छान हसतात. पण तो कोट माणूस का घालतो, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला मला त्या पुस्तकात कुठे दिसला नाही.

बरे, साधा शब्द म्हणजे कुठल्या गावचा साधा? आमचा भाचा न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, "मामा, तुम्ही 'चेक' किती लांबलचक लिहिता! शेवटी क्यूयूई कशाला?" मला ती अमेरिकेची आळशी काटछाट वाटत होती. शोधले तर निघाले भलतेच. 'सीके'वाले रूप जुने. क्यूयूईचे शेपूट इंग्लंडात नंतर वाढले, सरकारी खजिन्याला जे 'एक्स्चेकर' म्हणतात त्याच्या नादाने. म्हणजे गेली वीस वर्षे मी जो शब्द दिवसातून दोनशे वेळा लिहीत आलो, तोच कोट घातलेला! 'टेलर' हा शब्दही आम्ही अमेरिकन म्हणून हसण्यावारी न्यायचो. तर 'टेल'चा एक जुना अर्थच मुळी मोजणे.

आणि 'टेबल'? इंग्लंडात एखादा विषय 'टेबल' केला म्हणजे चर्चेला घेतला. अमेरिकेत 'टेबल' केला म्हणजे बासनात गुंडाळला. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडच्या सेनाधिकाऱ्यांत याच शब्दावरून मोठा वाद झाल्याचे चर्चिलने आपल्या आठवणींत लिहिले आहे. इंग्रज म्हणत होते, कागद निकडीचा आहे, टेबल करा. अमेरिकन म्हणत होते, निकडीचा आहे, टेबल करू नका. दोघांना हवे होते एकच. आमच्या युनियनच्या सभेत निदान दोघांना दोन वेगळ्या गोष्टी तरी हव्या असतात. तसेच 'क्वाइट'. अमेरिकनाने 'क्वाइट गुड' म्हटले तर तो खूश आहे. इंग्रजाने म्हटले तर त्याने नाक मुरडलेले असण्याचा संभव जास्त. आमच्या साहेबांनी माझ्या वार्षिक अहवालात 'क्वाइट सॅटिस्फॅक्टरी' असा शेरा मारला आहे. मी तो अमेरिकन पद्धतीने वाचतो.

माझ्या स्वतःच्या हुद्द्याची कथा तर विचारूच नका. हा शब्द मूळचा चर्चमधल्या पाद्र्याचा, कारण एके काळी लिहिता-वाचता येणारा तोच. इंग्लंडात त्याचा उच्चार 'क्लार्क' आणि अर्थ कचेरीतला लेखनिक. अमेरिकेत तोच 'क्लर्क' झाला आणि दुकानात गिऱ्हाइकाला मोजे दाखवायला लागला. आपल्याकडे इंग्रजांनी सोडला तो 'क्लार्क'च राहिला. पण २०२५च्या आयबीपीएसच्या भरतीत या पदाच्या जागी 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' आले. मी हे घरी सांगितले. सौ. म्हणाली, "पगार?" मी म्हटले, "पगाराला अजून समानार्थी शब्द निघालेला नाही."

पण हे सगळे झाले गमतीचे. फाउलरसाहेबांशी माझे खरे भांडण पुढेच आहे. त्यांनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे, की ऐकणारा कान इंग्रजाचा आहे. 'बिगिन' हा शब्द इंग्रज पोराला आईच्या मांडीवर मिळतो आणि 'कमेन्स' पुढे मास्तराच्या हातून. म्हणून पहिला उबदार, दुसरा गार. आम्हाला दोन्ही शब्द एकाच पिवळ्या पुस्तकातून, एकाच मास्तरांकडून, एकाच छडीखाली मिळाले. आमच्या कानाला कुठला उबदार लागावा? ज्या शब्दाने आमचे काम झाले, तो. 'काइंडली' घ्या. इंग्रजाच्या कानाला हल्ली 'काइंडली'त चिडीचा वास येतो म्हणे. 'काइंडली दार लावा' म्हणजे 'लावा एकदाचं!' आमच्या कानाला 'प्लीज' म्हणजे नुसती विनंती, आणि 'काइंडली' म्हणजे हात जोडून विनंती. दोघेही बरोबर आहेत. मग मी कुणासाठी लिहितो, यावरच ठरायला नको का?

माझे वडील गेले तेव्हा मी रजेच्या अर्जात 'ड्यू टू द सॅड डिमाइझ ऑफ माय फादर' असे लिहिले होते. गावर्सना हा 'सॅड' बघवला नसता. 'डिमाइझ' आनंदाचे कुठे असते, असे त्यांनी हळूच विचारले असते. पण त्या दिवशी हात थरथरत असताना मला तो पाठ असलेला तुकडा मिळाला आणि मी तो कागदावर ठेवला. स्वतःचे शब्द त्या दिवशी माझ्यापाशी नव्हते. अर्ज मंजूर झाला. त्या वाक्याला मी पुढे कधी हसलो नव्हतो; फाउलर वाचल्यावर हसलो. त्याची मला नंतर लाज वाटली.

ती वाटायचे कारण असे. आमच्या शाखेत एक आजी येतात. पालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. यजमान गेले, त्यांच्या ठेवीचे पैसे आजींच्या नावावर करायचे होते. छापील फॉर्म होताच. शिवाय एक अर्ज हवा होता, वर जायचा म्हणून इंग्रजीत. आजी म्हणाल्या, "चार ओळी तुम्हीच लिहून द्या. माझा हात चालत नाही हल्ली." मी तेव्हा फाउलरच्या अगदी ऐन भरात होतो. झोकात लिहिले, 'माय हजबंड डाइड ऑन द नाइन्थ.' आखूड, ओळखीचा, अस्सल.

आजींनी चष्मा लावला. ओळीखाली बोट ठेवून वाचत आल्या आणि एका शब्दाशी बोट थांबले.

"हा शब्द बदलता येईल का हो?"

"का आजी? बरोबर आहे तो. २०२२मध्ये एलिझाबेथ राणी गेली ना, तेव्हा राजवाड्याच्या पत्रकातसुद्धा 'डाइड'च होतं."

"असेल. ती राणी होती, तिला चालेल." आजींनी बोट उचलले नव्हते. "मी सव्वीस वर्षं मुलांना शिकवलं. 'द क्रो डाइड.' कावळा मेला. कावळ्याला लावलेला शब्द ह्यांना कसा लावू? 'एक्स्पायर्ड' लिहा ना. वारले, असं."

'अहो आजी, एक्स्पायर तर लायसन्स होतं, औषधाची बाटली होते, दुधाची पिशवी होते,' हे अगदी माझ्या ओठांवर आले होते. फाउलरसाहेब बाजूला उभे राहून मला ढोसत होते. पण समोरच्या कागदावर नाव त्यांचे नव्हते, आजींच्या यजमानांचे होते. मी नवा कागद घेतला. 'डाइड'च्या जागी 'एक्स्पायर्ड' लिहिले. आणि स्वतःच्या बुद्धीने, त्यांनी सांगितले नसताना, 'हजबंड'च्या आधी 'लेट' हा शब्दही घातला. एकाच वाक्यात माणूस दोनदा गेला. दोन्ही फाउलरबंधूंना एकदमच भोवळ आली असेल.

आजींनी पुन्हा बोट ठेवून सबंध वाचले. "आता कसं," म्हणाल्या. मग छापील फॉर्मवर जागोजाग आलेल्या 'डिसीज्ड'वर बोट ठेवून त्यांनी विचारले, "आणि हे?"

"तेच," मी म्हटले. "बँकेचं."

त्यांनी मराठीत सही केली. पूर्ण नाव, आधी यजमानांचे नाव न गाळता.

कागद साहेबांच्या टेबलावर गेला, तो इंग्लंडच्या अर्थाने, म्हणजे लगेच विचारात घेतला गेला. मी जागेवरून पाहत होतो. साहेबांनी टोपण काढले. अर्ज वाचला. 'लेट हजबंड एक्स्पायर्ड'पाशी जरा थांबले, आणि काही न बोलता पुढे गेले. संध्याकाळी कागद माझ्याकडे परत आला तेव्हा पाहिले. शेवटच्या ओळीत फक्त माझा 'प्लीज' खोडून त्यांनी तिथे 'काइंडली' केले होते.